ठाण्याची गाडी हिमाचलच्या थंडीत नेण्यापूर्वी: वागळे इस्टेटमधील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

गेल्या जानेवारीत आम्ही ठाण्याहून स्वतःच्या गाडीने कुल्लूला आणि तेथून अटल बोगदा ओलांडून लाहौलमधील सिस्सू गावापर्यंत जाऊन आलो. धाकटी बहीण कुल्लूला राहते. आईला तिच्याकडे महिनाभर राहायचे होते. आईचे वय ७४, त्यात कानाच्या जुन्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केलेली, म्हणून वाटेत मुक्काम करत सावकाश गाडीनेच जायचे असे घरात ठरले. आमची गाडी डिझेलची आहे आणि सात वर्षांची आहे. तिने आजवर अनुभवलेली सर्वांत जास्त थंडी म्हणजे नाशिकची डिसेंबरमधली पहाट. अशा गाडीला शून्याखालच्या तापमानात नेण्यापूर्वी आम्ही ती वागळे इस्टेटमधील एका लहान गॅरेजकडे तयारीसाठी दिली होती. त्या तयारीचे काम कसे झाले, आणि जाऊन-येऊन चार हजार किलोमीटरच्या प्रवासात ते किती उपयोगी पडले, हे सविस्तर लिहावे असे परतल्यापासून मनात होते.

गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. त्यांच्याकडे दोन रॅम्प, एक पत्र्याची शेड आणि तीन माणसे एवढाच पसारा आहे, आणि आहेत त्या गिऱ्हाइकांना वेळेवर गाडी देणेच त्यांना जड जाते. या वेळेवर देण्याविषयी पुढे लिहिणार आहेच. नाव नसले तरी त्यांनी काय तपासले आणि कसे तपासले हे कळले, तर वाचणाऱ्याला आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये तेच मागता येईल, म्हणून तपशील हात न आखडता दिला आहे.

त्यांच्याकडे जाण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी विचारून पाहिले होते. तेथे बॉनेट उघडून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीकडे एक नजर टाकली गेली, पाणी रेषेपर्यंत असल्याचे सांगितले गेले, बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या गेल्या आणि ‘काही होत नाही, बिनधास्त जा’ असा निर्वाळा मिळाला. ठाण्यात हिवाळ्यातले पहाटेचे तापमान सोळा-सतरा अंशांच्या खाली क्वचितच जाते, त्यामुळे येथील कारागिराच्या डोक्यात गाडीचा शत्रू म्हणजे उष्णता, हे स्वाभाविक आहे. पण आई सोबत असताना एवढ्या आश्वासनावर निघण्याची माझी तयारी नव्हती.

वागळे इस्टेटच्या मालकांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला: ‘ताई, रात्री गाडी कुठे उभी राहणार?’ तरुणपणी त्यांनी मालवाहू ट्रकवर मिस्त्री म्हणून जम्मू-श्रीनगर रस्त्यावर काही हिवाळे काढले आहेत, आणि हा प्रश्न त्या अनुभवातून आलेला होता. चालू इंजिन स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते, त्यामुळे धावत्या गाडीला थंडीचा फारसा धोका नसतो. खरी परीक्षा असते ती रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात, उघड्यावर उभ्या असलेल्या बंद गाडीची. कुल्लूला बहिणीच्या घराखाली झाकलेली जागा आहे, सिस्सूला मात्र दोन रात्री गाडी उघड्यावर राहील, असे मी सांगितल्यावर त्यांनी वहीत ‘उणे १५ धरून’ असे लिहिले आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या आकड्याशी ताडून केली.

पहिली तपासणी कूलंटची. येथे त्यांनी जे उपकरण काढले ते मी आयुष्यात प्रथमच पाहिले. लहान दुर्बिणीसारखी वीतभर लांबीची नळी, तिच्या एका टोकाला तिरकी काच आणि काचेवर पारदर्शक झडप. टाकीतले कूलंट ड्रॉपरने उचलून त्याचे दोन थेंब त्यांनी काचेवर सोडले, झडप मिटली, शेडच्या दाराशी जाऊन नळी उजेडाकडे धरली आणि स्वतः पाहून झाल्यावर माझ्या हातात दिली. आत एक गोल दिसतो, त्याचा वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्ही रंग जेथे मिळतात ती रेषा शेजारच्या पट्टीवर ज्या आकड्याला टेकते, ते त्या द्रवाच्या गोठण्याचे तापमान. आमची रेषा उणे ६ च्या जवळ टेकली होती. टाकीत हिरवा द्रव काठोकाठ दिसत होता, रंगही बरा होता, आणि तरीही सिस्सूच्या पहिल्याच रात्री तो इंजिनाच्या आत गोठला असता.

असे का झाले, हेही त्यांनी उलगडून सांगितले. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण असते. दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे मात्र दर उन्हाळ्यात पातळी जरा खाली गेली की पेट्रोल पंपावर, घाटातल्या हॉटेलात, कधी घरच्या नळाखाली बाटली धरून, त्यात पाणीच भरले जाते. ठाण्यात त्यामुळे लगेच काही बिघडत नाही. पातळी रेषेवर राहते आणि आपण समाधानी राहतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि त्या फुगण्याला वाट मिळाली नाही तर रेडिएटर किंवा प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकही तडकतो. मी भाबडेपणाने विचारले की मग पाणी न घालता नुसते ग्लायकॉलच का भरू नये, तेव्हा कळले की निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांना गोठू देत नाहीत, म्हणून प्रमाणाला महत्त्व. त्यांनी जुने सर्व द्रव्य काढून, आतली वाट डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुऊन, तयार मिश्रणाचे सहा लिटर कूलंट भरले आणि इंजिन चालवून हवा काढल्यावर पुन्हा दोन थेंब काचेवर ठेवले. या वेळी रेषा उणे ३६ वर होती.

जुने कूलंट काढतानाच दुसरी गोष्ट उघडकीस आली, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा शोध हाच होता. इंजिनावर थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह ज्या घरात बसतो ते घर रिकामे होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापली होती, तेव्हा एका कारागिराने तो काढून टाकला होता आणि ‘आता गाडी कधीच तापणार नाही’ असे सांगितले होते. काय काढले हे मला त्या वेळी कळले नव्हते, मी विचारलेही नव्हते. थर्मोस्टॅटचे काम असे की इंजिन थंड असताना तो बंद राहून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि इंजिन तापले की उघडतो. तो नसला तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते. ठाण्याच्या उन्हात याचा परिणाम डिझेल थोडे जास्त लागण्यापुरता दिसतो. हिमाचलच्या थंडीत मात्र इंजिन हवे तितके तापतच नाही, ते थंडच धावत राहते, आणि केबिनमधला हीटर त्याच कूलंटच्या उष्णतेवर चालत असल्यामुळे आत कोमट वाऱ्यापलीकडे काही येत नाही. त्या वेळी घाटात गाडी तापण्याचे मूळ कारणही मालकांना येथे सापडले. कूलंटच्या टाकीच्या झाकणातले रबर चिरले होते, त्यामुळे आतला दाब टिकत नव्हता आणि कूलंट लवकर उकळत होते. तीनशे रुपयांचे झाकण बदलायच्या जागी एक आवश्यक भागच काढून टाकला गेला होता, आणि दोन वर्षे गाडी तशीच चालली.

नवा थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी आला. तो बसवण्यापूर्वी त्यांनी जे केले ते मी मुद्दाम थांबून पाहिले. शेडच्या मागे चहाची शेगडी आहे. तिच्यावर स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवून, थर्मोस्टॅट तारेने मधोमध लटकवून, शेजारी तापमापक बुडवून त्यांचा मदतनीस मुलगा शेगडीजवळ उकिडवा बसला. वॉल्व्हच्या कडेवर ८२ हा आकडा कोरलेला होता. पाणी ७५ अंशांवर गेले तरी वॉल्व्ह घट्ट मिटलेला, ८० ला अजून तसाच, आणि ८३ च्या सुमारास पितळी तबकडीच्या कडेने केसाएवढी फट पडली. पुढे पाणी उकळीला येईपर्यंत ती तबकडी बोटाच्या पेराएवढी खाली सरकली. मग मुलाने शेगडी बंद केली आणि ती पुन्हा पूर्ण मिटते का हेही पाहिले. नवा भाग खोक्यातून काढून थेट बसवला असता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु तो भाग खराब निघाला असता तर ते आम्हाला हिमाचलमधल्या मंडी शहराच्या पुढे, आई मागच्या सीटवर असताना कळले असते.

हीटरची तपासणीही त्यांनी अंदाजाने केली नाही. सात वर्षांत आमच्या गाडीतले तापमानाचे बटण लाल बाजूकडे कधी वळलेच नव्हते. ते फिरवताना अडकत होते, आणि सुरू केल्यावर जळक्या धुळीचा वास आला. झडप मोकळी करून, केबिनचा एअर फिल्टर बदलण्याऐवजी झटकून (तो मी ऑक्टोबरमध्येच बदलला होता), त्यांनी हवेच्या झरोक्यात तापमापक खोचला. थर्मोस्टॅट नसताना वीस मिनिटांनंतर ४१ अंश भरले होते, नवा बसवल्यावर ५८. डिसेंबरच्या दुपारी ठाण्यात बंद गाडीत हीटर लावून बसणे सुखाचे नव्हते, पण मंडीपासून पुढे आईने अंगावरची शाल काढून मांडीवर ठेवली, तेव्हा मला त्या ५८ आकड्याची आठवण झाली.

बॅटरीबाबत माझा समज असा होता की व्होल्टमीटरवर साडेबारा व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी ठणठणीत. आमची बॅटरी साडेतीन वर्षांची होती, गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट दाखवत होती आणि ठाण्यात एकदाही दगा दिलेला नव्हता. मालकांनी दुसऱ्या यंत्राने तिची सेल मारण्याची ताकद मोजली, तर नव्या बॅटरीच्या मानाने ती साठ टक्क्यांच्याही आत आली. बॅटरीवर थंडीतल्या ताकदीचा जो आकडा असतो तो उणे १८ अंशांत, ७.२ व्होल्टच्या खाली न उतरता, ३० सेकंदांपर्यंत किती अँपिअर देता येतात याचा असतो. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून नवी बॅटरीसुद्धा तेथे बरीच दुबळी होते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्यामुळे सेल मारायला जोर मात्र जास्त लागतो. वास्तविक बॅटरीचे आयुष्य खाते ती आपल्याकडची उष्णता, परंतु ठाण्याच्या सौम्य सकाळी अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी उचलते, आणि तिचे खरे वय थंडीत पोहोचल्यावर उघड होते. उतरलेल्या बॅटरीतले पाणी गोठण्याचा धोकाही भरलेल्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांनी बॅटरी विकण्याचा आग्रह धरला नाही. आकडे कागदावर लिहून दिले आणि हवी तर दुसरीकडून घ्या म्हणाले. मी त्यांच्याकडूनच घेतली, जुनी परत देऊन ६,८०० रुपयांना.

डिझेल गाडीला थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग लागतात, ही माहिती मला होती. त्यांच्यापैकी दोन मेलेले आहेत, ही नव्हती. मल्टिमीटर लावल्यावर चारपैकी दोन प्लगांमधून वीज वाहतच नव्हती. ठाण्याच्या वीस अंशांत उरलेल्या दोघांच्या जोरावर, किंवा त्यांच्याशिवायही, इंजिन सुरू होते, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. चारही बदलले, कारण राहिलेले दोन त्याच वयाचे होते.

इंधनाविषयी त्यांनी दिलेला सल्ला मात्र कामापेक्षाही महत्त्वाचा ठरला. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात, ते थंडीत साकळून फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनाला इंधन मिळेनासे होते. भारतीय मानकानुसार साधे डिझेल फिल्टरमधून वाहायचे थांबते ते तापमान हिवाळ्यात जास्तीत जास्त ६ आणि उन्हाळ्यात १८ अंश असले तरी चालते. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल याहून बरे असू शकते, परंतु त्या भरवशावर उणे बारा अंशांत रात्र काढणे शहाणपणाचे नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याच अडचणीमुळे. म्हणून त्यांचे सांगणे असे की खालच्या मुलखातल्या डिझेलने भरलेली टाकी डोंगरात नेऊ नये, कुल्लूला पोहोचेपर्यंत ती पावखाली उतरू द्यावी आणि तेथे स्थानिक पंपावर पूर्ण भरून घ्यावी. काही जण डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय सांगतात. माझ्या पतींनी तो विषय काढताच मालकांनी ठाम नकार दिला. जुन्या ट्रकच्या पंपाला ते चालत असे, आजच्या कॉमन रेल इंजिनांचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि रॉकेलमुळे तो कोरडा पडून घासला जातो. डिझेल फिल्टर त्यांनी बदलला आणि जुन्या फिल्टरच्या तळाशी साचलेले चमचाभर पाणी काचेच्या ग्लासात काढून आम्हाला दाखवले. कोकणच्या दमट हवेत चार पावसाळे काढलेल्या फिल्टरमध्ये ते असणारच, आणि गोठल्यावर तेच पुरेसे ठरते.

इंजिन ऑइलही बदलले. आधीच्या ठिकाणी १५ डब्ल्यू-४० भरलेले होते, गाडीच्या पुस्तिकेत ५ डब्ल्यू-३० सांगितले आहे, आणि पहिला आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ राहते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ते दोन वर्षांहून जुने होते म्हणून काढले. वायपरची रबरे ठाण्याच्या उन्हाने कडक झाली होती, ती मी स्वतः बदलली.

टायरच्या हवेबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आधी पटली नव्हती, म्हणून मी लहान डिजिटल गेज घेऊन वाटेत नोंदी ठेवल्या. ढोबळ हिशेब असा की तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे एक पीएसआय कमी होते. ठाण्यात दुपारी ३१ अंशांत, गाडी उभी राहून थंड झाल्यावर, ३३ पीएसआय भरून निघालो. चंडीगडला पहाटे ६ अंशांत गेजवर २९ आणि साडेएकोणतीसच्या मधला आकडा दिसला. तेथे पुन्हा ३३ केली. सिस्सूला तापमान आणखी सोळा-सतरा अंशांनी खाली, तेव्हा आकडा पुन्हा तीसपर्यंत उतरेल अशी माझी अपेक्षा होती, पण तो ३४ निघाला. मालकांनी हेही सांगून ठेवले होते: गेज आतला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, आणि तीन हजार मीटरवर बाहेरची हवाच विरळ असल्यामुळे थंडीने झालेली घट उंची भरून काढते. तेव्हा हवा खरी तपासायची ती सपाटीवरच्या थंड पहाटे, डोंगर चढण्याआधी.

टायरवरच येऊन या गॅरेजच्या उणिवा सांगायच्या आहेत. नक्षीची खोली त्यांनी मोजली, ती ५ मिलिमीटर भरली (कायद्याने किमान १.६ लागते), आणि येथे विषय संपवला. बर्फावर लावायच्या साखळ्या त्यांच्याकडे नाहीत, त्या ठाण्यात ठेवण्यासारखी वस्तूही नाही, हे मान्य आहे. त्या पुढच्या चाकांना लावायच्या, कारण आमच्या गाडीत जोर पुढच्या चाकांवर येतो, एवढे त्यांनी सांगितले. पण साखळी कशी लावायची हे एकदा जुन्या दोरखंडावर का होईना करून दाखवले असते तर फार बरे झाले असते. बर्फ पडून गेल्यावर पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर (चारही चाकांवर जोर येणाऱ्या) किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. मनालीतून भाड्याने घेतलेल्या साखळ्या रस्त्याकडेला चढवताना माझ्या पतींची चाळीस मिनिटे गेली, बोटे बधिर झाली, आणि शेवटी एका स्थानिक तरुणाने गाडी हातभर पुढे घ्यायला सांगून दोन मिनिटांत काम केले.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. एवढ्या बारकाईने सर्व द्रव तपासणाऱ्या या माणसांनी काच धुण्याच्या पाण्याची टाकी पाहिलीच नाही. तिच्यात ठाण्याचे साधे नळाचे पाणी होते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या उत्तर तोंडातून बाहेर पडताच समोरच्या ट्रकने उडवलेला बर्फ-चिखल आमच्या काचेवर पसरला. बटण दाबले तर नुसता मोटरचा आवाज, कारण पाणी गोठले होते. वायपरने तो चिखल आणखी पसरवला आणि काही क्षण समोरचे काहीच दिसेना. गाडी हळू होती, मागे कोणी नव्हते, म्हणून कडेला घेता आली. त्या टाकीत न गोठणारे द्रव भरायला दोनशे रुपयेही लागले नसते. परतल्यावर हे मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी कोणतीही सबब पुढे केली नाही. आपल्या छापील तपासणीपत्रकावर ब्रेक ऑइलच्या खाली त्यांनी पेनाने ‘काचेचे पाणी’ अशी ओळ माझ्यासमोर वाढवली.

तिसरी तक्रार वेळेची. दोन दिवसांत गाडी देतो म्हणाले होते, लागले चार, आणि मधल्या दिवशी फोन उचलला गेला नाही. आमच्या निघण्याला आठवडा शिल्लक होता म्हणून निभावले.

आता प्रत्यक्ष परीक्षेविषयी. सिस्सूच्या पहिल्या सकाळी साडेसात वाजता गाडीच्या पडद्यावर बाहेरचे तापमान उणे १२ दिसत होते. मालकांनी हाताने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे रात्री हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांमागे दगड लावले होते, कारण ओल्या हँडब्रेकची पकड गोठून बसते. वायपर काचेपासून उचलून ठेवले होते. चावी फिरवल्यावर ठाण्यात क्षणभर दिसणारा हीटर प्लगचा पिवळा दिवा येथे सहा-सात सेकंद राहिला. तो विझेपर्यंत थांबून सेल मारला, इंजिनाने दोन जड गिरक्या घेतल्या आणि ते सुरू झाले. तापमानाचा काटा पंधरा मिनिटांत मध्यावर आला आणि दिवसभर तेथेच राहिला. काचेवरचा बर्फ आम्ही प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. गरम पाणी ओतायचे नाही, काच तडकते, हेही त्या कागदावर होते. दुसऱ्या सकाळीही गाडीने त्रास दिला नाही. त्या आवारातल्या आणखी एका गाडीची बॅटरी उतरली होती, तिला आमच्या बॅटरीवरून केबल लावून उचलले.

एकूण बिल बॅटरीसह २१,२०० रुपये झाले. त्यात मजुरी ३,२०० रुपये होती, बाकी सर्व सुट्या भागांचे आणि तेला-द्रवांचे. प्रत्येक काढलेला भाग त्यांनी पिशवीत घालून परत दिला आणि प्रत्येक मोजमाप, आधीचे व नंतरचे, बिलाच्या मागे लिहून दिले. रक्कम लहान नाही. परंतु यातले कूलंट, थर्मोस्टॅट, फिल्टर आणि झाकण ही कामे गाडी कधीच ठाण्याबाहेर नेली नसती तरी करायलाच हवी होती, आणि ती राहून गेली होती हे मला थंडीच्या निमित्ताने कळले.

फेब्रुवारीत गाडी त्यांच्याकडे पुन्हा नेली तेव्हा त्यांनी खालची बाजू धुऊन, साखळीने कुठे घासले आहे का ते टॉर्च घेऊन पाहिले, कूलंटचे दोन थेंब पुन्हा काचेवर ठेवले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. रेषा अजून उणे ३६ वरच होती. ज्यांना पुढच्या हिवाळ्यात जायचे आहे त्यांनी अशा लहान गॅरेजकडे गाडी नोव्हेंबरअखेरच द्यावी, हाताशी किमान पाच दिवस ठेवावेत, आणि ताब्यात घेताना काच धुण्याचे बटण एकदा दाबून आत काय भरले आहे ते विचारावे.